थोरला, धाकटा आणि आठवीचा वर्ग

१८ फेब्रुवारी १९६६, शुक्रवार
देरा, दुबई

दिल्लीत पंतप्रधान ठरल्या, त्यानंतर खोलीला विषय नव्हता. आज मिळाला. ऑस्ट्रेलिया.

ऑफिसात डॉसनसाहेब. खाडीचा गाळ काढणाऱ्या ड्रेजरचे फोरमन, सिडनीचे. त्यांची बहीण पेपर पाठवते, दोन-तीन आठवडे शिळे. साहेबांचे वाचून झाले की माझ्या टाइपरायटरशेजारी येतात, तिथून खोलीवर. शुक्रवारी नमाज, जेवण, मग वाचन. इंग्रजी बघायचं, मराठी बोलायचं. ऐकणारी माणसं सतरा, सगळी रत्नागिरीकडच्या आमच्या गावची.

त्यांच्या मजूर पक्षात भांडण पेटलंय. पक्ष विरोधात. नेता सत्तरीला टेकलेला. उपनेता पन्नाशीच्या आतला. वाद शाळांवरून. कॅथलिक चर्चच्या शाळांना सरकारी मदत द्यायची का? पक्षाची कार्यकारिणी म्हणते, नाही. नेता कार्यकारिणीच्या बाजूने. उपनेता म्हणतो, द्या, मुलं आपलीच आहेत.

मी थांबलो. सगळे हसनमामूंकडे बघत होते.

साहजिक. गावची शाळा जमातीची, सातवीपर्यंत. सरकारी अनुदान घेतलं तर जूनपासून आठवी उघडेल. शाळेचा खर्च आमचं दुबई मंडळ उचलतं, अध्यक्ष मामू. त्यांच्या सहीशिवाय अर्ज जात नाही. दीड वर्ष त्यांचं एकच उत्तर. नाय.

मामू पान लावत होते. म्हणाले, "मग म्हाताऱ्याचं चुकलं काय?"

खोली फुटली. दोन तट. अर्धे खाटांवर उभे.

२१ फेब्रुवारी, सोमवार

ऑफिसातही तेच. सर्व्हेचे हिक्ससाहेब, तेही ऑस्ट्रेलियाचे, तिशीचे, त्याच पक्षाचे मेंबर. उपनेत्याच्या बाजूचे. डॉसन नेत्याच्या. सकाळी चहावर कडाक्याचं भांडण. दुपारपासून अबोला. दोघांच्या टेबलांत बारा फूट अंतर. एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात, मी नेऊन देतो.

हिक्सची चिठ्ठी: पंपाचा नकाशा हवा. खाली एक ओळ: सत्तरीच्या माणसाला कोण मत देणार?
डॉसनचं उत्तर: नकाशा कपाटात. खाली: कपाट उघडायलाही अनुभव लागतो.

मला हे सगळं फार आवडतंय. दोन वर्षांत पहिल्यांदा ऑफिसला जायची घाई होते.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

खोलीत नावं पडली. नेता थोरला, उपनेता धाकटा. खरी नावं कुणाच्या जिभेवर बसत नाहीत.

पेपर नवा. धाकट्याने कार्यकारिणीवर उघड तोफ डागली. आता त्यालाच पक्षातून काढायचं चाललंय.

"काढतील," दाऊदकाका म्हणाले. खोलीचे भंडारी, स्वयंपाक त्यांच्याकडे, मामूंच्या बरोबरीचे.
"हिंमत नाय त्यांची," अझीज. अझीज धक्क्यावर माल मोजणारा टॅलीक्लार्क, माझ्याबरोबर शाळेत होता. "काढला तर पक्ष खलास."
मामू: "पक्ष कोणी बांधला? ज्यानं बांधला तो सांगेल कोण राहायचा ते."

शाळा मामूंनी बांधली. हे खरं आहे. तीस वर्षं बोटीवर, खलाशापासून सारंगापर्यंत. सुट्टीवर आले की खाडीतून चिरे आणायचे, स्वतः वाहायचे. माझ्या लहानपणी त्यांच्या खांद्याला कायम लाल माती. आता ते इथल्या धक्क्यावर कामाला, मला इथे आणलं तेही त्यांनीच. आईचे सख्खे भाऊ.

अनुदान घेतलं की सरकारी इन्स्पेक्टर येणार, शुक्रवारची सुट्टी जाणार, कमिटी निवडून येणार. "मग ती शाळा आपली कशी?" हा त्यांचा प्रश्न. माझ्याकडे फक्त झुबेदा आहे, धाकटी बहीण, सातवीत.

५ मार्च, शनिवार

धाकटा वाचला!

हिक्ससाहेबांनी शॉर्टवेव्हवर ऐकलं. थोडक्यात वाचला, काही जणांनी ऐन वेळी बाजू बदलली. साहेब टेबलावर चढून नाचले. डॉसन शांतपणे पाइप साफ करत. मग उठले, बारा फूट चालून गेले, हात पुढे केला. "हा दिवस तुझा. पुढचं बघू." अबोला सुटला. मला चिठ्ठ्या नाहीत. थोडं वाईट वाटलं.

संध्याकाळी धक्क्यावर धावत गेलो. अझीज पोती मोजत होता, मोजणी विसरला. हमाल ओरडले. यल्ला यल्ला, चल लवकर.

तो म्हणाला, "आता तू उभा राहा."
"कुठे?"
"मामूंच्या समोर. अध्यक्षपदाला. तुझी सही, तुझा अर्ज."

हसलो. घरी येईपर्यंत हसू राहिलं नव्हतं.

११ मार्च, शुक्रवार

वाचन. मामूंनी विचारलं, "म्हातारा सोताच त्या पंथाचा ना? कॅथलिक?"
हो.
"आणि आपल्याच शाळांना सरकारी पैसा नको म्हणतो?" मांडीवर थाप. "बघा रे. मर्द हाय."

पेपरात थोरल्याचं मोठं भाषण होतं. पाऊण कॉलम. त्यातलं शाळांबद्दल तेवढं वाचलं. पुढचं लढाईबद्दल होतं, ते सोडलं. वाचता वाचता एक-दोन वाक्यं मीच आखूड केली. थोरला हट्टी वाटला पाहिजे.

याला भाषांतर म्हणत नाहीत. कॉलेजात सरांनी याला वेगळा शब्द वापरला असता.

१७ मार्च, गुरुवार

झुबेदाचं पत्र. आता अक्षर माझ्यापेक्षा वळणदार.

"भाईजान, सातवीची परीक्षा एप्रिलात. मी पास होणार, पहिली नाही आले तर दुसरी येईन. खाडीपलीकडच्या हायस्कुलात मुलींना पाठवत नाहीत. तरीची होडी दिवसातून दोनदाच असते, संध्याकाळी भरतीवर अवलंबून. कापड्यांच्या सलमाचं लग्न ठरलं. अम्मा म्हणते, आठवी निघाली तर शीक, नाही तर माझंही बघतील. पावसाआधी काय ते कळव, म्हणजे मी पुस्तकं द्यायची का ठेवायची ते ठरवीन."

चौदा वर्षांची आहे. तक्रारीचा एक शब्द नाही.

अर्ज पंधरा मेच्या आत रत्नागिरीला पोचला पाहिजे. अझीजला सांगितलं: उभा राहतो.

२५ मार्च, शुक्रवार

फजिती. सविस्तर लिहून ठेवतो.

डॉसनसाहेबांना जेवायला बोलावलं होतं. सुरमईचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या. साहेब मांडी घालून बसले, गुडघे कानाला. हाताने जेवले. कपाळावर घाम. दाऊदकाका प्रत्येक घासाला वाढत होते. "नो मोअर" त्यांना कळत नाही.

जेवणानंतर मी नेहमीसारखा मधे बसायला गेलो, दुभाषा म्हणून. मामूंनी हाताने बाजूला केलं.

"साब. मी सेलर. फ्रीमँटल, सिडनी, ऑल पोर्ट. थर्टी इयर."

साहेब उजळले. सिडनीच्या गोदीत त्यांचे वडील कामाला होते. मग सुरू. अर्धं बोटीवरचं इंग्रजी, अर्धं हातवारे. मामूंना ऑर्डरींपुरतं इंग्रजी येतं अशी माझी समजूत. कधी विचारलंच नव्हतं.

"यू, ओल्ड लीडर मॅन. व्हाय?"

साहेब हळूहळू बोलले. त्यांचा मुलगा पीटर, वीस वर्षांचा. तिथे सरकार पिंपातून गोट्या काढतं, गोटीवर जन्मतारीख. तारीख निघाली तो फौजेत. तिथून व्हिएतनाम. पीटरची निघाली. थोरला नेता पहिल्या दिवसापासून ओरडतोय की विचारल्याशिवाय कुणाचा मुलगा लढाईवर पाठवू नका. लोक त्याला हसतात, तो थांबत नाही. "शाळांच्या बाबतीत माझा म्हातारा चुकतो आहे, असं मलाही वाटतं," साहेब म्हणाले. "पण मी त्याला सोडणार नाही."

मामू पुढे सरकले. "बॉय… गो?"
"सप्टेंबर."

मामूंनी साहेबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे वळले. मराठीत, सगळ्यांसमोर, आवाज न चढवता:

"हे पेपरात होतं?"
होतं.
"तू वाचलं नायस."
नाही.
"का?"

अझीज जमिनीकडे. मी म्हणालो, शाळेचा विषय होता म्हणून.

"म्हाताऱ्याचं निम्मं तोंड कापलंस तू," मामू म्हणाले. पान थुंकायला बाहेर गेले.

२६ मार्च, शनिवार

रात्र जागून काढली. राग कुणाचा ते ठरत नाही.

डॉसनसाहेब काहीच न कळल्यासारखे. "तुझा अंकल ग्रेट माणूस." मी तीन पत्रं टाइप केली, तिन्हींत चुका.

एक मात्र खरं. मी त्यांच्या भांडणात इतका रमलो की थोरला हा एक माणूस आहे हे विसरलो. मला फक्त अडथळा दिसत होता.

पण झुबेदा? तिचं काय चुकलं?

३ एप्रिल, रविवार

ईद झाली. मामूंना मिठी मारली. त्यांनीही. ईदेपुरतं.

१५ एप्रिल, शुक्रवार

मंडळाची बैठक. अझीजने विषय काढला. अध्यक्ष बदलावा. नाव माझं.

आमची रीत अशी: सगळ्यात वडील आधी बोलणार, मग खाली खाली. वडिलांनंतर धाकट्याने उलटं बोलायचं नाही. म्हणजे निकाल पहिल्या माणसाच्या तोंडून लागतो. आजवर असंच.

अझीज: "चिठ्ठ्या टाका. ऑस्ट्रेलियात टाकतात. कुणी कुणाला दिलं ते कळत नाही."
दाऊदकाका भडकले. "चिठ्ठी? तोंड नाय काय आपल्याला? चोरासारखं मत द्यायचं?"
"काका, तुमच्यासमोर कोण बोलतो का?"
"मग नाय बोलायचं!"

हशा. काकाही हसले, उशिरा.

मामू म्हणाले, "टाका चिठ्ठ्या. ते करतात तर आपण करून बघू." त्यांच्याकडून हे कुणी धरलं नव्हतं.

मग कुणीतरी अडचण काढली. सात जणांना लिहिता येत नाही. त्यांच्या चिठ्ठ्या कोण लिहिणार? गावाला त्यांची पत्रं मीच लिहितो. पण मी उमेदवार.

अझीज म्हणाला, मी लिहितो. मामूंनी मान हलवली.
"तोच लिवेल."
"मामू, तो उभा हाय."
"मना म्हायती हाय तो उभा हाय. तोच लिवेल."

मतदान दोन आठवड्यांनी, एकोणतीसला.

२० एप्रिल, बुधवार

तिकडेही ठरलं. खासदारांची बैठक पुढच्या आठवड्यात, थोरला राहणार की जाणार. हिक्ससाहेब नखं खातात. डॉसनसाहेबांनी बहिणीला तार केली, निकाल लगेच कळव म्हणून.

दोन्ही निवडणुका एका आठवड्यात. अझीज आकडे मांडतो: नऊ-नऊ. परत मांडतो: दहा-आठ, आपल्या बाजूने. तो टॅलीक्लार्क आहे, पण माणसांची पोती नसतात.

खोलीतल्या रझाकला कडेला घेऊन विचारलं, कुणाला देशील? तो म्हणाला, "चिठ्ठी हाय ना? मग?" आणि गेला. आपलाच नियम आपल्या अंगावर.

२८ एप्रिल, गुरुवार

थोरला राहिला. मोठ्या फरकाने.

सकाळी हिक्ससाहेबांनी रेडिओ बंद केला. कुणी नाचलं नाही. डॉसन म्हणाले, "निवडणुकीपर्यंत. मग तो स्वतः जाईल." हिक्स: "आणि शाळांचं?" डॉसन: "ते तुम्ही जिंकाल. जिंकायलाच हवं. नेता तोच ठेवूनसुद्धा जिंकता येतं, हे तुम्हा तरुणांना कुणी सांगत नाही."

हे वाक्य मी टाइपरायटरवर असलेल्या कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं. तो कागद कस्टमला गेला असणार.

संध्याकाळी मामूंना बातमी सांगितली. पूर्ण. डॉसनचं वाक्यही. काही गाळलं नाही. मामू "हं" म्हणाले.

२९ एप्रिल, शुक्रवार

उशीर झालाय. तरी आजच लिहितो.

नमाजनंतर जेवण कुणी नीट केलं नाही. ज्यांना लिहिता येतं ते पडवीत गेले, एकेक करून. बाकीचे सात माझ्याकडे, आतल्या खोलीत. दार लावून. एकेक जण वाकून कानात सांगायचा. मी लिहायचो, घडी घालायचो, तो स्वतः नेऊन पातेल्यात टाकायचा.

रझाक: "तू." त्याचा श्वास कांद्याचा.
इब्राहिमचाचा: "तुज्या मामूचं नाव. वाईट वाटून नको घेवस."
दाऊदकाका मोठ्याने ओरडले, "हसन!" बाहेरचे हसले. गुप्त मतदान.

मग आणखी तीन. दोन मामूंचे, एक माझा.

शेवटी मामू. खाली बसले नाहीत.
"कोणाचं लिहू?"
"माझं लिव. तुला मी मत देणार नाय. वाचतोस चांगलं, पण मधेच थांबतोस."

लिहिलं. त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट पाहिली. त्यांना सही करता येते, त्यामुळे स्वतःचं नाव ओळखता येतं. पण पाहिलं ते फक्त घडीकडे. वाचण्यासाठी उघडली नाही.

सातातल्या पाच मामूंना, दोन मला. पैकी दोन मी फिरवल्या असत्या तर? कुणाला कळलं असतं? टाकणाऱ्यालाही नाही. हा विचार आला. नोंदवून ठेवतो. फिरवल्या नाहीत.

माझी चिठ्ठी: माझंच नाव. दुसरं लिहून झुबेदाला काय सांगितलं असतं?

अझीजने पातेलं उपडं केलं. मामू दहा. मी आठ.

आठ! मामूंच्या तोंडावर आठ. आमच्या गावात असं कधी झालं नाही. हरलो तरी मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. मामूही त्या आठ कागदांकडेच बघत होते, दहांकडे नाही. कोण कोण असतील ते माणसांच्या तोंडांवर शोधत होते. मग सोडून दिलं.

दाऊदकाकांनी शिरा केला. मामूंनी पहिला घास मला भरवला. घास मोठा होता, बोलता आलं नाही.

३० एप्रिल, शनिवार

झुबेदाला काही लिहिलं नाही. हरलो, पुस्तकं दे, हे कसं लिहायचं?

हिक्ससाहेबांना सांगितलं, आमच्याकडेही थोरला राहिला. त्यांनी टेबलाखालून बिस्किटांचा डबा काढला, सगळा माझ्यापुढे ठेवला.

१ मे, रविवार

ऑफिसातून आलो. मामू माझ्या खाटेवर बसलेले. त्यांची पाळी साडेचारलाच सुटते, पण ते सहसा धक्क्यावर रेंगाळतात.

"तो कागद आण."
कुठला?
"सरकारचा. आणि सगळा वाच."

चार पानं. वाचली. कलम, पोटकलम, कंसातलं सुद्धा. अझीज दारात येऊन उभा, आत येईना. इतर हळूहळू जमले. कुणीतरी रेडिओ बंद केला.

मामूंनी दोनदा थांबवलं.

पहिल्यांदा सुट्टीवर. "रविवार म्हणून लिवलाय?"
नाही. काहीच लिहिलेलं नाही.
"मग शुक्रवार चालंल?"
माहीत नाही, मामू.
"इचार."

दुसऱ्यांदा मुलींच्या वर्गावर. दाऊदकाका काहीतरी बोलायला गेले, मामूंनी बोट वर केलं.
"मास्तरीण सरकार देणार, का आपण बघायची?"
यातून कळत नाही.
"आपण बघायची असंल तर आताच बघाय होवी. पाऊस लागल्यावर कोण येणार आपल्या गावात?"

मी पेन टोपण काढून पुढे केलं. त्यांनी पेनकडे पाहिलं.
"टोपण लाव. शाई सुकंल." उठले. दारात अझीजच्या डोक्यावर हलकी टपली मारून गेले.

सही नाही. नकारही नाही.

टपाल मंगळवारी. हेडमास्तरांना पत्र लिहिलं, शिक्षण खात्याला लिहिलं, दोन्ही प्रश्न, मामूंच्या शब्दांत. उत्तर पंधरापर्यंत येईल? विमानाने गेलं तर कदाचित.

झुबेदाचं राहिलं होतं. तीन कागद फाडले. शेवटी एवढंच लिहून पाकीट बंद केलं: मामू विचारतात, आठवीच्या मुलींना शिकवील अशी कुणी बाई तुझ्या माहितीत आहे का? लगेच कळव.